मुरणे आणि विटणे

वाचकहो, ह्या पानावर आजवर लोणच्याची बरणी आली, साजूक तुपाचा डबा आला, जुन्या वाड्याच्या किल्ल्याही येऊन गेल्या. मद्याची बाटली मात्र आज प्रथमच येत आहे. ज्येष्ठ वाचकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचण्याचे कारण नाही. त्यांनी वाचले ते बरोबरच आहे. आमच्या घरी मद्य घेण्याची चाल नाही आणि ह्या वयात ती पडण्याचा संभवही नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात दोन बाटल्यांनी आमच्या धारच्या घरात तीन दिवस जो खल घडवून आणला, तो तुमच्यापुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

त्याचे असे झाले. आमचा धाकटा पुतण्या नोकरीनिमित्त बरीच वर्षे बेल्जियममध्ये आहे. त्या देशात बिअर ही आपल्याकडच्या लोणच्यासारखी गावोगावची आणि मठामठांची निराळी असते. तेथील शिमे नावाच्या एका मठाच्या गडद बिअरवर द्राक्षाच्या मद्यासारखे साल छापलेले असते. पुतण्यास २०१९ साली कन्यारत्न झाले, तेव्हा त्याने त्या सालाच्या दोन बाटल्या घेऊन आपल्या घराच्या तळघरात ठेवून दिल्या. लेक अठरा वर्षांची होईल त्या दिवशी त्या उघडायच्या, असा त्याचा बेत. आता त्याची बदली दुसऱ्या शहरात, पाचव्या मजल्यावरील बिऱ्हाडात झाली. तेथे तळघर नाही. तेव्हा सुट्टीवर येताना त्याने त्या बाटल्या लोकरी कपड्यांत गुंडाळून धारला आणल्या आणि चहाच्या वेळी हळूच विषय काढला, "काका, आपल्या वाड्याच्या तळघरात ठेवाल का? बारा वर्षांचाच तर प्रश्न आहे."

आमचे दादा, म्हणजे थोरले बंधू, पेपर खाली ठेवून म्हणाले, "तळघराच्या वर देवघर आहे, हे ठाऊक आहे ना तुला?" पुतण्याने मान खाली घातली. आम्ही नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी थोडे थोडे बोललो. दारूपायी ज्या घरांची वाताहत झाली त्यांची नावे निघाली. आणि अशी नावे कोणत्या गावात निघत नाहीत? दादांचे म्हणणे खोटे नव्हते. ह्या साऱ्या चर्चेत वहिनी गप्प होत्या. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "पण ती टिकेल का रे बारा वर्षे?"

पुरुषमाणसे योग्य-अयोग्याचा काथ्याकूट करीत असताना वस्तूच्या स्वभावाचा प्रश्न विचारणारी व्यक्ती एकच निघाली, आणि तीही चाळीस वर्षे ह्या घराची लोणची सांभाळणारी. पुतण्या क्षणभर निरुत्तर झाला. त्याला आणि आम्हालाही चार वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवला असावा.

त्या वेळी त्याने एका हलक्या, फिकट रंगाच्या बिअरच्या बाटल्या आणल्या होत्या. तिला संत्र्याच्या सालीचा आणि पाडाच्या आंब्याचा वास येतो, असे तो मोठ्या कौतुकाने सांगत असे. त्यांपैकी दोन उरल्या. 'मद्य जितके जुने तितके चांगले' हे ऐकीव ज्ञान प्रमाण मानून आम्ही त्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर जपून ठेवल्या. दोन उन्हाळे गेले. पुढच्या खेपेस त्याने बाटली उघडली, घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. संत्रे नाही, आंबा नाही. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास! दोन्ही बाटल्या मोरीत गेल्या. जपून ठेवण्याने वस्तू जपली जातेच असे नाही, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला. खरे म्हणजे पुन्हा घेतला, कारण पहिल्यांदा तो आम्हाला कुक्षीत मिळाला होता.

आमच्या बालपणाची चार वर्षे कुक्षीत गेली. वडील सरकारी नोकरीत होते आणि त्यांची नेमणूक तेथे झाली होती. धार माळव्याच्या पठारावर, तर कुक्षी विंध्य उतरून निमाडात. पवारांच्या धार संस्थानाचाच तो परगणा. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तरी घरातील वडीलधारी मंडळी 'आपली कुक्षी' असेच म्हणत. कापसाचा बाजार, बाघच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता, होळीपूर्वीच्या भगोरियात ढोल-मांदळ घेऊन उतरणारे भिल्ल-भिलाला स्त्रीपुरुष, आणि गावाबाहेर पडताच शेतांच्या बांधांवर उभे असलेले ताड, एवढे चित्र आजही डोळ्यांपुढे आहे. अलीराजपूरकडे जावे तसे ते ताड दाट होत जातात.

आमच्या घरामागील शेताच्या मालकाचे सहा ताड होते. हिवाळ्यात तो पहाटे कमरेला कोयता लावून आणि पायांत दोराचा फास अडकवून झाडावर चढे. फुलोऱ्याच्या दांड्याची रोज पातळ चकती कापली की तेथून रस पाझरतो आणि खाली बांधलेल्या मडक्यात थेंब थेंब साठतो. उजाडता उजाडता उतरविलेला तो रस म्हणजे नीरा. आई पितळी तांब्या देऊन आम्हा भावंडांना पाठवी. परंतु तिची ताकीद अशी की ऊन अंगणात येण्यापूर्वी तांब्या घरात आला पाहिजे. एकदा आम्ही वाटेत गोट्या खेळत बसलो. घरी पोहोचेपर्यंत दहा वाजले. तांब्यात फेस आला होता, गोडीला आंबूस झाक आली होती. आईने काही न बोलता तो रस परसात ओतला. त्या ताडवाल्याने दुसऱ्या दिवशी आपल्या बोलीत आम्हाला जे समजावले त्याचा आशय असा, की सकाळचा रस पोरांचा, दुपारचा मोठ्यांचा, आणि उद्याचा कोणाचाच नाही.

त्याच्या त्या तीन वाक्यांत जे होते, तेच पुढे आम्ही पुस्तकांत वाचले. ताडाच्या रसात शेकडा दहा ते पंधरा भाग साखर असते. झाडावरून उतरण्यापूर्वीच हवेतील आणि मडक्याच्या भिंतीतील किण्वजंतू त्यात शिरतात. न धुतलेले मडके म्हणजे त्यांचे विरजणच. काही तासांत साखरेचे मद्य होऊ लागते आणि दुपारपर्यंत ताडीचा जोर साध्या बिअरइतका होतो. त्याबरोबरच आम्ल वाढते. आणि आणखी एक-दोन दिवस गेले की दुसऱ्या जातीचे जंतू त्या मद्याचे आंबट शिरक्यात रूपांतर करतात. मडक्याला आतून चुना लावला तर हे सारे लांबते, म्हणून नीरा गोळा करणारे चुना वापरतात. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याने ताडगुळाचा पुरस्कार केला. त्यामागे हाच विचार होता, की रस आंबण्याआधीच आटवावा म्हणजे झाडही राहील, उत्पन्नही राहील आणि व्यसनही टळेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिळी ताडी कुक्षीत 'कोणाचीच नाही', परंतु गोव्यात तीच माडाची सुर आंबट होऊ दिली की तिचा शिरका होतो आणि तो स्वयंपाकात मानाने वापरला जातो. ताज्या सुरेने तेथील सान्नांचे पीठ फुगते. म्हणजे रस बिघडला की बदलला, हे केवळ रसावर ठरत नाही. त्याची आपण कशासाठी वाट पाहत होतो, त्यावरही ठरते.

आपल्या मराठीने हे फार पूर्वीच ओळखले आहे. दूध विरजते, पीठ आंबते, लोणचे मुरते, भात शिळा होतो, आमटी विटते, तेल खवट होते, फळ नासते. काळाच्या एकाच कामासाठी स्वयंपाकघराने इतकी क्रियापदे घडविली, कारण गृहिणीला त्यांतील भेद रोज पारखावा लागत असे. वहिनींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर बिअर मुरते की विटते, एवढेच ठरवावयाचे होते. पुतण्याने त्याच्याजवळची माहिती दिली, आम्ही आमची पुस्तके काढली, आणि रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघे त्याच कामात गुंतलो.

जे समजले ते असे. बहुतेक बिअर विटते. तिचे शत्रू तीन: हवा, उजेड आणि उष्णता. बाटलीत राहिलेला किंचितसा प्राणवायू धान्याच्या अंशांवर हळूहळू क्रिया करतो आणि तोच तो पुठ्ठ्याचा वास उत्पन्न होतो. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी हॉप नावाच्या वेलीची फुले असतात; त्यांचा सुगंध सर्वांत आधी, काही आठवड्यांत वा महिन्यांत उडून जातो, आणि मागाहून कडवटपणाही ओसरतो. उजेड लागला तर हॉपमधील कडू द्रव्यांपासून एक गंधकयुक्त पदार्थ तयार होतो, त्याचा दर्प असह्य असतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्याच अंशी रक्षण करते, हिरवी व पांढरी फारसे करीत नाही. आणि उष्णता ह्या सर्व क्रियांना चाबूक मारते. दहा अंश तापमान वाढले की विटण्याचा वेग दुप्पट वा त्याहून अधिक होतो. आमच्या माळ्यावर वैशाखात चाळीसच्या वर पारा जात असणार. संत्र्या-आंब्याच्या वासाची ती नाजूक बिअर तेथे दोन उन्हाळे ठेवणे म्हणजे मोगऱ्याचा गजरा कपाटात जपण्यासारखे होते.

हल्ली आपल्याकडेही शहरांतून हातच्या, लहान प्रमाणावरील बिअरचे पेव फुटले आहे. पुण्यात २००९ साली डूलॅली ह्या संस्थेने जागच्या जागी तयार केलेली बिअर देण्यास आरंभ केला आणि मग बंगळूर, मुंबई, गुरगाव येथेही तशी ठिकाणे वाढली. अशी बिअर बहुधा तापवून निर्जंतुक केलेली नसते आणि टाकीतून थेट पेल्यात येते. फ्रान्सचे लुई पाश्चर ह्यांनी बिअरवरील आपला ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीने तापविलेली बिअर जंतूंपासून सुरक्षित राहते, पण हवा आणि काळ ह्यांपासून नव्हे. न तापविलेली ताजी बिअर तर कुक्षीच्या ताडीचीच धाकटी बहीण. ती तिच्या जागी आणि तिच्या वेळीच घ्यावी. घरी नेऊन साठवू नये.

मग मुरते कोणती? जिच्यात मद्यांश अधिक, साधारण आठ टक्क्यांच्या वर. जी भाजक्या धान्याची, गडद आणि भरदार. आणि जिच्या बाटलीत यीस्ट जिवंत ठेवलेले असते. ते यीस्ट तळाशी बसून आत शिरलेला प्राणवायू स्वतः खाऊन टाकते, म्हणजे पहारेकरीच म्हणा ना. अशा बिअरमध्ये प्रथम जाणवणारा मद्याचा तिखटपणा वर्षा-दोन वर्षांत मवाळ होतो, कडवटपणा मागे सरतो, आणि हवेची तीच क्रिया, जी हलक्या बिअरला पुठ्ठा बनविते, ती येथे मनुका, खजूर, मध ह्यांची आठवण देणाऱ्या चवी आणते. बेल्जियममधील ऑर्व्हाल मठाच्या बिअरमध्ये ब्रेटॅनोमायसीस नावाचे एक रानटी यीस्ट मुद्दाम घालतात. ते महिनोन्महिने काम करीत राहते, म्हणून तेथील काही उपाहारगृहांत तीच बिअर 'कोवळी' हवी की 'जुनी', असे विचारतात. हे यीस्ट १९०४ साली डेन्मार्कमधील क्लाउसेन ह्या शास्त्रज्ञाने इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरमध्ये ओळखले. नावाचा अर्थच मुळी 'ब्रिटिश बुरशी'.

आणि ह्या मुरण्याशी आपल्या देशाचाही संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची फिकट बिअर पिंपांतून मुंबई-कलकत्त्याला येत असे. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वीची ही वाट आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांची. इंग्लंडच्या थंड तळघरात जी बिअर मुरायला दोन वर्षे घेई, ती जहाजाच्या उकाड्यात आणि हिंदकळ्यांत काही महिन्यांत तयार होऊन उतरे. तिच्यात हॉप भरपूर असत, म्हणून ती प्रवासात तगली. म्हणजे उष्णता नेहमीच शत्रू नव्हे. वस्तू कसदार असेल तर ती तिला लवकर पिकवितेही. पण नाजूक वस्तूला तीच मारते.

येथे पुतण्याने एक शंका काढली. आपल्या भागातील मोहाची दारू का मुरत नाही? मध्य प्रदेश सरकारने २०२२ साली आदिवासींच्या मोहाच्या मद्यास 'हेरिटेज' म्हणून मान्यता दिली आणि अलीराजपूर जिल्ह्यात तयार झालेले 'मोंड' बाजारातही आले. परंतु मोहाची दारू ही उकळून, तिची वाफ धरून गाळलेली असते. अशा गाळलेल्या मद्यात जिवंत असे काही उरत नाही. काचेच्या बाटलीत ते वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहते. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. बाटलीत गेली की तिचे वय थांबले. बिअरचे मात्र बाटलीतही थांबत नाही. ती चांगली होत जाईल वा वाईट. पण जशी आहे तशी राहणार नाही.

आता वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर देता येत होते. त्या दोन बाटल्यांतील बिअर गडद, नऊ टक्क्यांची आणि जिवंत यीस्टची. ती मुरणाऱ्यांतली होती. आमचे तळघर अंधारे, दोन हात जाड भिंतींचे. तेथे बेल्जियमचा गारवा नाही, पण माळ्यावरची भट्टीही नाही. तरीही बारा वर्षे? जाणकारांच्या मते अशी बिअर काही वर्षे चढत जाते, मग काही वर्षे ठरते आणि मग उतरू लागते. पहारेकरी यीस्टही शेवटी मरते आणि त्याची चव बिअरला लागते. सहा वर्षे आधीच झाली होती. शिवाय आमच्या सौभाग्यवतींनी एक कायद्याचा मुद्दा काढला: मध्य प्रदेशात मद्य घेण्यास एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे २०३७ साली, अठराव्या वाढदिवशी, धारला ही बाटली उघडली तर नातीच्या हाती द्यायचे ते लिंबाचे सरबतच! पुतण्या हसला, पण त्याच्या डोळ्यांत किंचित निराशा दिसली. त्याला बिअर नको होती हो. लेकीच्या जन्माचे वर्ष कोठेतरी जिवंत ठेवायचे होते. परदेशात वाढणाऱ्या मुलीला आपण काय ठेवून जाणार, हा त्याचा खरा प्रश्न. आम्ही महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. तो प्रश्न आम्हाला अपरिचित कसा असेल?

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मोटार काढली आणि पुतण्या, त्याची लेक व आम्ही कुक्षीला निघालो. आदल्या रात्री एका परिचिताकरवी निरोप गेला होता. उजाडताना गावाबाहेरच्या एका शेतात पोहोचलो. आमच्या बालपणीचा ताडवाला आता नाही. हा कोणी दुसरा, पन्नाशीचा. मडक्याच्या तोंडाला त्याने बारीक जाळी बांधली होती, वटवाघळे आणि माश्या शिरू नयेत म्हणून. त्याची मुले गुजरातेत मजुरीस जातात, झाडावर चढत नाहीत, असे त्याने सांगितले. आपण चढतो आहोत तोवर ही झाडे आहेत, असेही म्हणाला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

त्याने पेला भरून दिला. नातीने वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मोठे करून विचारले, "आजोबा, ह्यात साखर कोणी घातली?" मराठीत विचारले. मग तिने पेला संपविला आणि आणखी एका पेल्यासाठी हात पुढे केला. परतीच्या वाटेवर तिने ती नीरा बेल्जियमला नेण्याचा हट्ट धरला. पुतण्याने तिला समजाविले, की ही नेता येत नाही. ही इथे येऊनच प्यावी लागते. "मग पुढच्या वर्षी येऊ," ती म्हणाली. पुतण्या काही बोलला नाही. परंतु घरी आल्यावर त्याने कॅलेंडर मागितले.

दादांचा निकाल त्या रात्री झाला. बाटल्या देवघराखाली नव्हे, तळघराच्या पलीकडच्या कोनाड्यात, उभ्या, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून राहतील. एक बाटली नातीच्या दहाव्या वर्षी, म्हणजे २०२९ साली, घेणाऱ्या मोठ्यांनी उघडावी. तेव्हा ती बहुधा भरात असेल. दुसरी २०४० साली, नात एकवीस वर्षांची झाली म्हणजे. ती तोवर कशी निघेल ह्याची हमी कोणी घेऊ नये. वहिनींनी त्यात भर घातली, की बिघडली असली तरी ओतून देण्यापूर्वी तिला एकदा वास तरी घेऊ द्यावा. दादांनी स्वतः चिठ्ठीवर दोन्ही साले लिहून ती फडक्यास टाचली. दादा आज एक्क्याऐंशीचे आहेत. २०४० चा आकडा लिहिताना त्यांचा हात थांबला नाही, हे आम्ही पाहिले.

असो. मुरायला ठेवण्याजोगे जे असेल ते अवश्य ठेवावे, गार जागी ठेवावे आणि वर तारीख घालावी. परंतु वाचकहो, आपल्या घरांत जे पहाटेच्या नीरेसारखे आहे, ते बरणीत भरून ठेवू नका. ते ऊन अंगणात येण्यापूर्वी मुलांच्या हाती द्या.